मिंटवर बाहेरचं सॉफ्टवेअर टाकण्याआधी

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) टाकून नेणारे ग्राहक आमच्याकडे वाढले. त्यांच्याबरोबर एक फोनही वाढला: "काही केलं नाही हो, फक्त एक सॉफ्टवेअर टाकलं. आता चालू केलं की नुसती काळी स्क्रीन येते." मशीन उघडून पाहिलं की बहुतेक वेळा एकच कारण सापडतं. ते टाळता येण्यासारखं आहे, म्हणून हे पत्रक.

मिंट हे उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या पायावर उभं आहे. मिंट २१ चा पाया उबुंटू २२.०४, त्याचं नाव जॅमी. मिंट २२ चा पाया २४.०४, त्याचं नाव नोबल. प्रत्येक पायासाठी पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरची तयार गाठोडी, वेगळी बांधलेली असतात, कारण सगळे प्रोग्रॅम काही सामायिक लायब्रऱ्यांवर (सगळ्यांनी मिळून वापरायच्या कोडच्या फाइलींवर) चालतात आणि त्या लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या पायागणिक बदलतात.

आता चूक कुठे होते ते पाहा. एखादं सॉफ्टवेअर हवं असतं, इंटरनेटवर कृती सापडते, त्यात "ही सोर्सची ओळ जोडा" असं लिहिलेलं असतं. सोर्स म्हणजे पॅकेजेस जिथून उतरवली जातात तो पत्ता. कृती उबुंटूसाठी असते आणि आवृत्तीचं नाव मशीनलाच विचारून घेते. मिंट स्वतःचं नाव सांगतं, उदाहरणार्थ मिंट २२ असेल तर 'विल्मा'. त्या नावाचं काही सोर्सवर नसतं, म्हणून एरर येते. मग ग्राहक दुसरी कृती शोधतो, तिथे जॅमी किंवा डेबियनच्या (आणखी एका लिनक्सच्या) आवृत्तीचं एखादं नाव दिसतं, ते टाकतो, आणि एरर जाते. एरर गेली म्हणजे काम झालं असं वाटतं. खरं तर बिघाडाची सुरुवात तिथे होते. परक्या आवृत्तीच्या लायब्रऱ्या आत आल्या की ॲप्टला (पॅकेजेस टाकणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमला) जुन्यांशी मेळ घालता येत नाही, आणि तो वाट काढतो ती म्हणजे अडसर ठरणारी पॅकेजेस काढून टाकणं. त्यात 'सिनॅमन' असेल तर तुमचा डेस्कटॉपच गेला.

ॲप्ट हे गुपचूप करत नाही. 'द फॉलोइंग पॅकेजेस विल बी रिमूव्ह्ड' असं लिहून पूर्ण यादी दाखवतो आणि विचारतो. नेमका त्याच वेळी घाईत वाय (हो) दाबला जातो. एक सॉफ्टवेअर टाकायला निघालात आणि काढायची यादी चार ओळींची दिसली, तर एन (नाही) दाबा. तेवढ्याने काहीही बिघडत नाही.

तुमच्या मशीनचा पाया कोणता, हे मेनूतल्या 'सिस्टीम रिपोर्ट्स'मध्ये (नव्या मिंटमध्ये त्याचं नाव 'सिस्टीम इन्फर्मेशन') दिसतं. बिलाच्या मागेही आम्ही लिहून देतो.

मग सॉफ्टवेअर घ्यायचं कुठून? आधी मेनूतल्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून. व्हीएलसी, गिम्प, इंकस्केप, ऑडॅसिटी, सगळं तिथे आहे आणि तुमच्याच आवृत्तीसाठी बांधलेलं आहे. आवृत्ती जुनी वाटली तर तिथेच फ्लॅटपॅकचा पर्याय असतो. तो आपल्या लायब्रऱ्या सोबत घेऊन येतो आणि सिस्टीमच्या पॅकेजेसना हात लावत नाही. पहिल्यांदा डाउनलोड मोठं असतं, म्हणून मोबाइल हॉटस्पॉटवर करू नका. क्रोमसारखं काही हवं असेल तर बनवणाऱ्याच्याच साइटवरून डेब फाइल (उबुंटू-मिंटसाठीची इन्स्टॉल फाइल) घ्या. क्रोम आपला सोर्स स्वतः जोडतो, त्यामुळे पुढचे अपडेट नेहमीच्या अपडेट मॅनेजरमधून येतात. झूमचं तसं नाही, नवी फाइल तुम्हालाच आणावी लागते. 'स्नॅप'ने सुरू होणारी कृती सोडून द्या. स्नॅप ही उबुंटूची सॉफ्टवेअर टाकायची वेगळी पद्धत, मिंटने ती २०२० पासून बंद ठेवली आहे.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना एक वेगळी विनंती. अपडेट मॅनेजर आणि सॉफ्टवेअर मॅनेजर दोन्ही सिस्टीमच्या पायथॉनवर चालतात. नवा पायथॉन टाकून जुन्याच्या जागी बसवलात तर ते उघडणार नाहीत. प्रोजेक्टसाठी व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट करा. पिप (पायथॉनची पॅकेजेस टाकणारा प्रोग्रॅम) जेव्हा नाही म्हणतो, तेव्हा त्याला 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस' म्हणायला लावू नका. त्या शब्दांचा अर्थ खरोखर 'सिस्टीमची पॅकेजेस मोड' असाच आहे.

"२५६ चा एसएसडी घेतला, मग जागा कमी का दिसते?" हाही नेहमीचा प्रश्न. काही जागा मिंट घेतं. बाकी आम्ही टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमला मुद्दाम दिलेली असते. तो सिस्टीमची प्रत रोज ठेवतो, आणि वर सांगितलेला घोटाळा झालाच तर मिंटच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून आदल्या दिवसावर परत जाता येतं. टाइमशिफ्ट चालू असलेलं मशीन बिघडलं तर आम्ही दुकानात तुमच्यासमोर पूर्ववत करून देतो. ज्यांनी जागेसाठी तो बंद केलेला असतो, त्यांची पॅकेजेस एकेक करून जुळवावी लागतात, त्यात दोन-तीन तास जातात, आणि त्या कामाचे पैसे आम्ही घेतो. टाइमशिफ्ट तुमचे फोटो आणि फाइली मात्र धरत नाही, त्यांची प्रत वेगळी ठेवा.

पेनड्राइव्ह आमच्याकडे तयार मिळतो. तो बनवण्याआधी आयएसओची (मिंटच्या इन्स्टॉल फाइलची) चेकसम, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा आकडा, मूळ नोंदीशी ताडून पाहतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच साइटवर हल्ला होऊन लोकांना बदललेली आयएसओ दिली गेली होती, तेव्हापासून ही पायरी आम्ही कधी गाळलेली नाही.

वार्षिक देखभाल घेतलेल्यांनी नवं काही टाकण्याआधी बेधडक फोन करावा, त्याचे वेगळे पैसे नाहीत. इतरांचाही फोन आम्ही घेतो. फोन करण्यापूर्वी स्क्रीनचा फोटो काढून पाठवा, काढायच्या यादीसकट पूर्ण, आणि आमचं उत्तर येईपर्यंत वाय दाबू नका.