हँडिकॅप म्हणजे 'टीम जिंकली की पैसे पक्के' नाही भाऊ

नागपुरात बर्डीवर तर्री-पोहे खाता खाता वर्षानुवर्षं हेच ऐकून राहिलो, की फुटबॉलच्या सट्ट्यात हँडिकॅप (टीमचे गोल हिशोबापुरते कमी-जास्त धरणं) असला तरी आपली टीम जिंकली म्हणजे पैसे पक्के. काहून पक्के? उणे दीड म्हणजे तुमच्या टीमच्या स्कोअरमधून दीड गोल वजा, फक्त हिशोबात (मैदानावर कापतात का असं विचारणारेही भेटलेत), मग 1-0 नं जिंकली तरी तुम्ही हरले. उणे 1 असेल अन् एकाच गोलनं जिंकली तर आशियाई हँडिकॅप प्रकारात लावलेले तेवढेच वापस. वरून हिशोब सहसा 90 मिनिटं अन् इंज्युरी टाइमचाच, 2022 ची वर्ल्डकप फायनल अर्जेंटिनानं पेनल्टीवर जिंकली पण 90 मिनिटं अन् इंज्युरी टाइम संपला तेव्हा 2-2 होतं, म्हणजे अर्जेंटिनावर उणे अर्धा लावणारे बुडाले. आपल्याकडं सट्टा बेकायदेशीर आहे, ते वेगळंच.