मिरगाचा वारा आणि अरबी समुद्रातला कुबडा देवमासा

मिरग लागला की वऱ्हाडात सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. वावर वखरून झालेलं असतं, सरकी घरात येऊन पडलेली असते, आता फक्त वारा फिरायला हवा. यवतमाळहून समुद्र पाचशेहून अधिक किलोमीटर दूर. गावातल्या कितीतरी जणांनी तो अजून पाहिलेला नाही. पण ज्या वाऱ्यावर आपली पऱ्हाटी उगवते, त्याच वाऱ्यावर अरबी समुद्रात १५ मीटर लांबीचा, ३० टनांच्या आसपास वजनाचा एक प्राणी पोट भरतो. हंपबॅक, म्हणजे कुबडा देवमासा.

नावात मासा असला तरी तो सस्तन आहे. फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. तोंडात दात नाहीत. वरच्या जबड्याला दोन्ही बाजूंनी तीन-चारशे झालरदार पट्ट्या लोंबत असतात. बैलाचं शिंग ज्या केराटिनचं बनतं, त्याचीच ही पट्टी. देवमासा तोंड उघडून माशांच्या थव्यावर धावतो, गळ्याच्या घड्या उलगडतात आणि टनावारी पाणी आत येतं. मग पाणी पट्ट्यांमधून बाहेर ढकलायचं आणि आत अडकलेले मासे, क्रिल नावाचे झिंग्यासारखे जीव गिळायचे.

जगातले बाकीचे कुबडे देवमासे उन्हाळ्यात ध्रुवांकडच्या गार समुद्रात खातात आणि हिवाळ्यात हजारो किलोमीटर पोहून उष्ण पाण्यात प्रजननाला येतात. तिथे ते जवळपास उपाशीच राहतात. अरबी समुद्रातले मात्र कुठेच जात नाहीत. उत्तरेला जमीन आडवी आहे, हे एक. पण खरं कारण मला मान्सूनमध्ये दिसतं.

जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर, प्रचंड जोराने वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर सरकतं. त्याची जागा घ्यायला खोलवरचं गार पाणी वर येतं, खोल नांगरटीत खालची माती वर यावी तसं. त्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर. सूर्यप्रकाश मिळताच सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांच्यावर क्रिल आणि छोटे मासे वाढतात. म्हणून इथल्या देवमाशाला खायला ध्रुवाकडे जावं लागत नाही. पुढे हाच वारा बाष्प घेऊन भारतावर येतो. विदर्भाच्या पावसात बंगालच्या उपसागराचाही मोठा वाटा आहे, तो विसरून चालणार नाही. तरी अरबी समुद्राची शाखा आपलीही आहेच.

या देवमाशांचं वेगळेपण कळलं ते दुर्दैवाने शिकारीतून. मुख्यतः नोव्हेंबर १९६६मध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताजवळ २४२ कुबडे देवमासे बेकायदा मारले. त्यांची पोटं भरलेली होती. माद्यांच्या पोटातल्या गर्भांच्या आकारावरून आणखी एक गोष्ट दिसली: यांचं प्रजनन उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यात होतं. विषुववृत्तापलीकडच्या हिंदी महासागरातल्या देवमाशांचा हंगाम याच्या सहा महिने पुढे-मागे. त्यामुळे दोन्हीकडचे नर-मादी भेटणार कसे? २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार हा समूह सुमारे ७०,००० वर्षं इतरांपासून तुटलेला आहे. ओमानजवळ त्यांची संख्या शंभराच्याही आत असल्याचा अंदाज आहे. मादी साधारण दोन-तीन वर्षांनी एक पिलू देते, म्हणून १९६६ची ती हानी अजून भरून आलेली नाही.

नर गातात, आणि यांचं गाणंही दक्षिणेकडच्या नरांपेक्षा वेगळं आहे. २०१७च्या अखेरीस ओमानजवळ उपग्रह टॅग लावलेली 'लुबान' नावाची मादी थेट अरबी समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली, तिथून खाली कन्याकुमारीच्या बाजूला गेली आणि परत ओमानला पोचली. इतकी स्पष्ट नोंद त्याआधी कुणाच्याच हाती नव्हती. गोव्याच्या समुद्रात पाण्याखाली ठेवलेल्या उपकरणांनीही नरांचं गाणं टिपलं आहे.

आज सगळ्यात मोठा धोका आहे तो मासेमारीच्या जाळ्यांचा; ओमानजवळ फोटो काढलेल्या अनेक देवमाशांच्या शेपटीजवळ जाळ्यांचे व्रण दिसतात. शिवाय मोठी जहाजं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आपल्या ताडोबाच्या वाघाबरोबर देवमासेही आहेत. वाघासाठी जंगलात कॅमेरे लागतात, तसे पश्चिम किनाऱ्यावर गुजरातपासून केरळपर्यंत पाण्याखाली ध्वनिग्राहक लागायला हवेत, आणि तेही हिवाळ्यात, कारण नर गातात ते त्याच दिवसांत.