फुफाट्यातली जुनी गाडी: फिल्टर धूळ पकडतो कसा?

उसाचा हंगाम सुरू झाला की बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या कुठल्याही गॅरेजसमोर हे दृश्य हमखास दिसतं. जुनी स्कॉर्पिओ नाहीतर सुमो बॉनेट उघडून उभी असते आणि गॅरेजमधला पोरगा एअर फिल्टर हातात धरून कॉम्प्रेसरच्या हवेनं झाडत असतो. लाल धुरळ्याचा लोट उठतो, फिल्टर पुन्हा नव्यासारखा दिसायला लागतो आणि मालकाला बरं वाटतं. दर पंधरवड्याला फिल्टर मारून घेणारे लोक गाडी जपणारे समजले जातात. मला मात्र दर वेळी त्या पोराचा हात धरावासा वाटतो. फिल्टर जितका स्वच्छ तितकं इंजिन सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे समजून घेताना भौतिकशास्त्रातली एक फार देखणी गोष्ट हाती लागते.

आपल्या भागात या दणकट गाड्या अजून भरपूर आहेत. सुमो १९९४ साली आली, सफारी १९९८ ला, क्वालिस २००० ला, स्कॉर्पिओ २००२ ला. केए-२२ आणि केए-२३ च्या पाट्या लावून त्या आजही सौंदत्तीच्या यल्लम्माला जातात, चोर्ला घाटातून गोव्याला उतरतात आणि पाणंदीतून थेट शेतात शिरतात. नीट सांभाळलं तर यांची इंजिनं लाखो किलोमीटर चालतात. सांभाळायचं म्हणजे मुख्यतः धुळीपासून.

अडीच लिटरचं डिझेल इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर चाललं, तर दर दोन फेऱ्यांत ते एकदा पूर्ण भरतं. म्हणजे मिनिटाला साधारण २५०० लिटर हवा आत जाते, तासाला दीडशे घनमीटर. टर्बो असेल तर त्याहून जास्त. ही सगळी हवा रस्त्यावरची, पुढच्या ट्रॅक्टरनं उडवलेल्या फुफाट्यातली.

धूळ सगळीकडे सारखी नसते. खानापूरकडचा जांभा लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा. त्याच्याच सोबतीनं सापडणाऱ्या बॉक्साइटमुळे बेळगावात ॲल्युमिनाचा कारखाना उभा राहिला. गोकाकचा धबधबा मात्र वालुकाश्माच्या कड्यावरून कोसळतो, आणि वालुकाश्म म्हणजे मुख्यतः क्वार्ट्‌झचे कण. खनिजांच्या कठीणपणाच्या मोज़ श्रेणीत क्वार्ट्‌झ ७ वर आहे. इंजिनातला बिडाचा लायनर, म्हणजे ज्या नळीत पिस्टन वरखाली होतो ती, त्याच्या बराच खाली. पिस्टनवरची रिंग आणि लायनर यांच्यामध्ये तेलाचा थर असतो तो जेमतेम काही मायक्रॉनांचा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. या थराच्या मापाचा किंवा थोडा मोठा कण त्यात अडकला की तो दोन्ही पृष्ठभाग एकाच वेळी घासतो. त्यामुळे सर्वात जास्त झीज करते ती ५ ते २० मायक्रॉनची, हातात घेतल्यावर नुसती पिठासारखी लागणारी धूळ. बोअर, म्हणजे लायनरची आतली भिंत, झिजला की गाडी ऑइल खायला लागते, धूर मारते, बॅक कॉम्प्रेशन (रिंगांवरून खाली निसटणारा वायू) वाढतं आणि शेवटी इंजिनकाम निघतं.

आता गंमत बघा. एअर फिल्टरचा कागद सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर दिसतं वाकड्यातिकड्या तंतूंचं जंगल, आणि त्या तंतूंमधल्या फटी कित्येक मायक्रॉनांच्या, बऱ्याच ठिकाणी दहा-वीसच्याही वर. फिल्टर जर पिठाच्या चाळणीसारखं काम करत असता, तर पाच मायक्रॉनची धूळ खुशाल पार झाली असती. पण त्यातली बहुतेक अडते. कशी?

हवा तंतूपाशी आली की त्याला वळसा घालून पुढे जाते. कण हवेसोबत वाहत असतो, पण त्याला वजन आहे, जडत्व आहे. घाटाच्या वळणावर वेगात आलेली, उसानं ठासून भरलेली ट्रॉली जशी वळत नाही, सरळ कठड्यावर जाते, तसा हा कण हवेची वाट सोडून सरळ तंतूवर आदळतो. आदळला की चिकटतो, कारण इतक्या लहान वस्तूंच्या बाबतीत रेणूंमधलं आकर्षण, ज्याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात, वजनापेक्षा कितीतरी प्रबळ ठरतं. कणाचं वस्तुमान त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, आणि हवेची त्याला ओढून नेण्याची ताकद नुसत्या व्यासाच्या प्रमाणात. भागाकार केला की वर्ग उरतो. म्हणजे १० मायक्रॉनचा कण १ मायक्रॉनच्या कणापेक्षा शंभर पटींनी जास्त हट्टीपणे सरळ जातो. हवेचा वेग वाढला की हा परिणामही वाढतो.

जे कण थोडे लहान, ते हवेबरोबर वळतात खरे, पण तंतूच्या इतक्या जवळून जातात की त्यांच्या अंगाचा स्पर्श होतो आणि तिथेच अडकतात. आणि अगदी बारीक, मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याहून लहान कण? ते तर सरळ चालतच नाहीत. हवेचे रेणू त्यांना चारी बाजूंनी धडका देत असतात आणि ते वेडेवाकडे भटकतात. रॉबर्ट ब्राउननं १८२७ साली परागकणांतून निघालेल्या सूक्ष्म कणांची अशीच भटकंती पाण्यात पाहिली होती. तिचं गणित आइन्स्टाइननं १९०५ मध्ये मांडलं. कण जितका लहान तितकी भटकंती जास्त, आणि हवा जितकी सावकाश तितका तंतूला धडकायला वेळ जास्त. म्हणजे मोठे कण जडत्वामुळे पकडले जातात आणि अतिसूक्ष्म कण भटकंतीमुळे. निसटतात ते मधले, साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, ज्यांना ना पुरेसं जडत्व ना पुरेशी भटकंती. कोविडच्या काळात आपण वापरलेला एन-९५ मास्क नेमक्या याच मापाच्या कणांवर तपासतात, कारण तिथे पास झाला तर लहान-मोठ्या दोन्हींवर तो चालणारच.

जुन्या जीपमध्ये कागदी फिल्टरऐवजी ऑइल बाथ असायचा. त्यात हवा तेलाच्या पृष्ठभागापाशी एकदम वळवतात आणि कण सरळ तेलात पडतो. तिथे सगळी भिस्त जडत्वावर, म्हणून इंजिन आयडलिंगला असताना, हवा सावकाश असताना, ऑइल बाथ कमी धूळ पकडतो. कागदी फिल्टर त्याला मागे टाकून पुढे गेला तो यामुळेच.

आता त्या कॉम्प्रेसरकडे वळू. पहिली धूळ तंतूंवर बसते, तिच्यावर दुसरी बसते, आणि प्रत्येक तंतूला धुळीच्या बारीक फांद्या फुटतात. पुढची धूळ या फांद्यांवर अडकते. म्हणजे थोडा मळलेला फिल्टर नव्या फिल्टरपेक्षा चांगला गाळतो! एअर फिल्टरच्या आयएसओ ५०११ या चाचणीत सुरुवातीची कार्यक्षमता आणि पूर्ण आयुष्यातली कार्यक्षमता वेगवेगळी मोजतात, ती याचसाठी. पंधरा दिवसांनी हवा मारून आपण त्या फांद्या मोडतो आणि फिल्टरला त्याच्या सर्वात दुबळ्या अवस्थेत परत नेतो. वर नोझल जवळ धरलं तर कागद फाटतो आणि कडेचं रबर उचकटतं. अर्थात मळण्यालाही मर्यादा आहे. धूळ फार साचली की हवा कमी पडते, पिकअप जातो, काळा धूर येतो. मॅन्युअलमध्ये धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळं, कमी अंतर दिलेलं असतं. त्या अंतराला फिल्टर सरळ बदलावा. मध्ये उघडलाच तर अडकलेलं पाचट हातानं काढावं आणि पुन्हा लावावा.

उघडलाय तेव्हा एक तपासणी जरूर करा. फिल्टरच्या पुढच्या, इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात पांढरं फडकं बोटाला गुंडाळून फिरवा. फडकं तांबूस झालं तर धूळ फिल्टरला बगल देऊन जाते आहे. वीस वर्षांच्या गाडीत दोष बहुतेकदा कागदाचा नसतो. रबरी पाइप घडीपाशी चिरलेला असतो, क्लिप ढिली असते, नाहीतर फिल्टरच्या डबीचं झाकण वाकलेलं असतं. वर टायरवाल्या दुकानातून आणलेलं लिंबू-मिरची दर अमावास्येला बदलणारे लोक मी पाहतो. खंडेनवमीला गाडीची पूजा करावी, त्यात आनंद आहे. पण नजर लागून कुठलंही इंजिन बसलेलं नाही. ते त्या चिरलेल्या पाइपामुळे बसतं.

ऑइल फिल्टरमध्ये हीच तत्त्वं असतात, फक्त तेलात कण फार सावकाश हलतात, म्हणून जडत्वाचा आणि भटकंतीचा उपयोग कमी आणि प्रत्यक्ष अडण्याचा जास्त. त्यात एक बायपास व्हॉल्व्ह असतो. फिल्टर तुंबला किंवा तेल फार घट्ट असलं की तो उघडतो आणि न गाळलेलं तेल पुढे सोडतो, कारण गढूळ तेलानं इंजिन झिजतं, पण तेलच नसेल तर ते जागीच जाम होतं. दुसरा भाग रबरी पडद्याचा. गाडी बंद असताना फिल्टरमधलं तेल खाली ओघळू नये म्हणून. डुप्लिकेट फिल्टरमध्ये हा पडदा कडक असतो नाहीतर नसतोच. सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन क्षणभर खडखडत असेल तर आधी फिल्टर बदलून बघा.

डिझेल गाडीचं ऑइल काळं झालं की लोक घाबरतात. ते हजार किलोमीटरमध्येच काळं होतं आणि व्हायलाच हवं. काजळीचे मूळ कण मायक्रॉनच्या काही शतांशाएवढे, कुठलाही ऑइल फिल्टर ते पकडत नाही. ऑइलमधले डिस्पर्सन्ट रेणू त्या कणांना वेढून एकमेकांपासून दूर ठेवतात, त्यांचे गोळे होऊ देत नाहीत. काळं ऑइल म्हणजे काम करणारं ऑइल. घाबरायचं ते दुधाळ ऑइलला. त्यात पाणी शिरलेलं असतं.

ऑइलच्या ग्रेडचं म्हणाल तर या गाड्यांपैकी बहुतेकींना १५डब्ल्यू-४० चालतं. १५डब्ल्यू हा थंडीतला आकडा. असं ऑइल उणे २० अंशांवरही इंजिन फिरू देतं. बेळगावची कडाक्याची पहाट त्याच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून केवळ थंडीसाठी महागडं ५डब्ल्यू घ्यायची गरज नाही. ४० हा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा. डब्यावरचं दुसरं, दर्जाचं लेबल जास्त महत्त्वाचं: एपीआय सीएच-४ किंवा सीआय-४ असेल तर काजळी सांभाळायची क्षमता चांगली. ‘गाडी जुनी झाली, जाड ऑइल घाला’ हा सल्ला सरसकट मानू नका. जाड ऑइलनं प्रेशरचा काटा वर जातो, पण प्रवाह वाढत नाही, उलट सकाळी ते वरच्या भागांत उशिरा पोहोचतं आणि बायपास व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो. ऑइलमध्ये ओतायच्या जादूच्या बाटल्या तर घेऊच नका. अशाच एका अतिशय खपाच्या बाटलीच्या जाहिरातींतले दावे पुराव्याविना आहेत असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ठेवला होता, आणि १९९७ मध्ये तिच्या मालकांना तडजोड करावी लागली. डिझेलच्या पाइपला चुंबक लावून एव्हरेज वाढतं हेही खोटं. डिझेलच्या जळण्यावर त्या चुंबकाचा काही परिणाम होत नाही.

डिझेल फिल्टरवर मात्र पैसे वाचवू नका, विशेषतः कॉमन रेलच्या, म्हणजे फार मोठ्या दाबानं डिझेल फवारणाऱ्या गाडीत. डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरमधल्या फटी दोन-चार मायक्रॉनच्या असतात. पावसाळ्यात फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणी काढत राहा.

क्राउनमध्ये, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरमध्ये, जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, तिथल्या दात्यांवर घसरणीचा प्रचंड दाब असतो. गिअरबॉक्सला मॅन्युअल जीएल-४ सांगत असेल तर जीएल-४ च घाला, कारण जीएल-५ मधली गंधकाची रसायनं गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या सिंक्रोनायझरच्या पितळेला खाऊ शकतात. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी नको, क्षार बसतात. तयार कुलंट घ्या, त्याचं इथलं मुख्य काम गंज रोखण्याचं आहे.

आणि ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं, आणि कणकुंबीकडे पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. कोरडं डॉट-३ दर्जाचं ब्रेक ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की हीच खात्री १४० अंशांपर्यंत घसरते. चोर्ला उतरताना सतत ब्रेक दाबला तर कॅलिपर, म्हणजे चाकाची तबकडी चिमटणारा भाग, तितका तापू शकतो. मग ब्रेक ऑइलची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल थेट तळाला जातं. दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलून घ्या, आणि गॅरेजच्या फळीवर झाकण उघडं राहिलेल्या बाटलीतलं घालू देऊ नका. समोर सील फोडलेली छोटी बाटली मागा.