पेपर पाठवण्याआधीची कागदपत्रं: एथिक्स मंजुरी, सीटीआरआय आणि तारखांचा घोळ

थीसिस पास होतो आणि त्यावरचा पेपर जर्नलकडून परत येतो, तोही रिव्ह्यूअरपर्यंत न पोचता. नाशिकमध्ये एमडी, एमडीएस, आयुर्वेद, फिजिओथेरपी किंवा नर्सिंगचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. दोष बहुधा विषयात नसतो, कागदांवरच्या तारखांमध्ये असतो. जर्नल जी कागदपत्रं शेवटी मागतं, ती पहिला रुग्ण अभ्यासात घेण्याआधीची असावी लागतात. नंतर धावपळ करून ती मिळत नाहीत, आणि मिळाली तरी चालत नाहीत.

एथिक्स मंजुरी कोणाला लागते?

माणसांवर किंवा त्यांच्या माहितीवर आधारलेल्या प्रत्येक अभ्यासाला. ‘माझी नुसती प्रश्नावली आहे’, ‘मी फक्त जुने केसपेपर पाहिले’ ही कारणं चालत नाहीत. असे अभ्यास पूर्ण तपासणीतून सुटू शकतात, पण सूट द्यायची की नाही हे एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती ठरवते, तुम्ही किंवा तुमचे गाईड नाही. सूट मिळाली असेल तर तसं पत्र हवं. विद्यापीठाने सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा आराखडा, स्वीकारला म्हणजे एथिक्स मंजुरी मिळाली असंही नाही.

पत्र हातात आलं की फाईलला लावण्याआधी वाचा. अभ्यासाचं शीर्षक पेपरमधल्या अभ्यासाशी जुळतं का? नमुनासंख्या तीच आहे का? बैठकीची तारीख आणि कमिटीचा नोंदणी क्रमांक आहे का? २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार आरोग्यविषयक संशोधन तपासणाऱ्या कमिटीची नोंदणी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे लागते. नव्या औषधांच्या ट्रायल तपासणाऱ्या कमिटीची नोंदणी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे असते. नोंदणीची मुदत संपलेल्या कमिटीच्या पत्रावर जर्नल प्रश्न उपस्थित करू शकतं. गाईड स्वतः कमिटीत असतील तर तुमच्या अभ्यासावर निर्णय होताना त्यांनी बाजूला व्हायला हवं, आणि तशी नोंद इतिवृत्तात हवी.

मागील तारखेची मंजुरी मागू नका. देणारे सापडतीलही, पण तो कागद तुमच्या पदवीपेक्षा जास्त काळ तुमचा पाठलाग करेल. मंजुरीआधी गोळा केलेली माहिती असेल तर ती बाजूला ठेवा, कमिटीला स्पष्ट सांगा आणि मंजुरीनंतर नव्याने सुरू करा.

आदिवासी तालुक्यात काम असेल तर

इथे आणखी एक कागद लागतो, प्रशासकीय परवानगीचा, आणि तो अनेकदा राहून जातो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण या भागांत रक्तक्षय, कुपोषण, सिकलसेल यांवर सर्वेक्षणं होतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आदिवासी भागात जाण्याआधी सक्षम प्रशासकीय अधिकाऱ्याची परवानगी घ्यायला हवी. उदाहरण म्हणून तिथे आदिवासी विभागाचे आयुक्त किंवा जिल्हाधिकारी यांचा उल्लेख आहे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिक शहरातच आहे, म्हणजे अंतराची सबब उरत नाही. अर्जासोबत एथिक्स मंजुरीची प्रत, प्रश्नावली आणि गावांची यादी जोडा. ‘सरपंचांना सांगितलंय’ हे परवानगीपत्र नव्हे. गावच्या जाणत्या माणसांना विश्वासात घेणं आवश्यकच आहे, पण ती वेगळी पायरी आहे.

संमतीपत्र मराठीत आहे एवढ्यावर थांबू नका. ज्यांच्या घरात कोकणा आदिवासींची कोकणी किंवा भिली बोलली जाते, त्यांना ‘यादृच्छिक गटविभागणी’ वाचून दाखवली तर ते मान डोलावतील, पण ती संमती झाली नाही. ती बोली जाणणारा माणूस सोबत ठेवा. वाचता न येणाऱ्या व्यक्तीचा अंगठा घेताना तटस्थ साक्षीदाराची सही घ्या. साक्षीदार तुमच्या टीममधला नको.

सीटीआरआय: अनेक पेपर इथे अडकतात

सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायलची राष्ट्रीय नोंदवही. नोंदणी ऑनलाइन होते आणि मोफत आहे. लोकांना वाटतं ती फक्त औषध कंपन्यांसाठी आहे. तुम्ही ठरवून रुग्णांना काही देत असाल आणि त्याचा परिणाम मोजत असाल, तर ती ट्रायल आहे. मग ते चूर्ण असो, गुडघ्याचे व्यायाम असोत, योगासनं असोत किंवा नर्सने केलेलं समुपदेशन. नुसत्या निरीक्षणात्मक अभ्यासाला जर्नल सहसा हा क्रमांक मागत नाही, पण नोंद करता येते.

मुदत समजण्यातच गोंधळ होतो. नोंदणी ‘पेपर पाठवण्याआधी’ किंवा ‘थीसिस सादर करण्याआधी’ नव्हे, पहिल्या रुग्णाला अभ्यासात घेण्याआधी पूर्ण व्हायला हवी. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय पहिला रुग्ण घेण्याआधी केलेलीच नोंदणी घेतं. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीएमजेई, हीच अट घालते.

दुसरी चूक त्याहून साधी आहे. फॉर्म सबमिट केला की ‘आरईएफ’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. तो नोंदणी क्रमांक नाही, अर्ज पोचल्याची पावती आहे. त्यानंतर छाननी होते, शंका निघतात, उत्तरं द्यावी लागतात, आणि मग ‘सीटीआरआय’ने सुरू होणारा क्रमांक येतो. त्यात वर्ष आणि महिना असतोच. पावतीवर विसंबून रुग्ण घ्यायला सुरुवात केली की सगळं बिघडतं. शंकांचे मेल वेळच्या वेळी बघा. कॉलेजचा, कोणीही न उघडणारा ईमेल फॉर्ममध्ये देऊ नका.

संपादक तपासतात कसं? नोंदीचं पान उघडतात. क्रमांकाशेजारीच नोंदणीची तारीख आणि ती आधी झाली की नंतर याचा शेरा दिसतो. खाली पहिल्या रुग्णाची तारीख असते. समजा नोंदणी १९ मार्चची आहे आणि तुमच्या मास्टर चार्टमधला, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या एकत्रित तक्त्यातला, पहिला रुग्ण १२ मार्चचा. मग पेपरची भाषा कितीही सुंदर असली तरी उपयोग नाही. तेव्हा चार्टमधली तारीख पुढे ढकलावीशी वाटते. ती ढकलू नका. केसपेपर, ओपीडी रजिस्टर, लॅबचा रिपोर्ट, सगळीकडे खरी तारीख बसलेली असते. आणि ही चूक नाही राहत, बनवाबनवी होते. उशीर झाला असेल तर पेपरमध्ये तसं लिहा आणि कारण द्या. काही जर्नलं विचार करतात, आयसीएमजेईची अट काटेकोर पाळणारी करणार नाहीत.

मुख्य परिणाम म्हणून काय मोजणार, याच्या जागी नोंदणीत वेदनेचा स्कोअर आणि पेपरमध्ये सूज, असा बदलही पकडला जातो. नोंदीतल्या बदलांचा इतिहास राहतो.

केस रिपोर्ट

उपचाराची संमती म्हणजे प्रसिद्धीची संमती नव्हे. वेगळी सही लागते, आणि ती रुग्ण वॉर्डात असतानाच घ्या. डिस्चार्जनंतर तो मालेगाव-नांदगावकडे गेला आणि फोन बंद लागला की सही मिळणं मुश्कील. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख लपते, हा समज आयसीएमजेई स्पष्ट नाकारते.

बाकीचं

हितसंबंधांचं निवेदन आणि निधीचा उल्लेख द्या. एआय साधन वापरलं असेल तर सांगा. लेखक म्हणून त्याचं नाव टाकू नका. एकाच वेळी दोन जर्नलांना पेपर पाठवू नका. लेखकांची यादी पाठवण्याआधीच पक्की करा. नंतर विभागप्रमुखांचं नाव घुसवायचं तर जर्नल सगळ्या लेखकांची लेखी संमती आणि कारण मागतं, आणि ‘ते प्रमुख आहेत’ हे कारण नाही.

साम्य तपासणीत, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना हे बघणाऱ्या तपासणीत, संदर्भसूची वगळून रिपोर्ट काढा. टक्का तरीही जास्त आला तर मजकूर तुमच्याच थीसिसशी जुळतोय का ते बघा, कारण तो ऑनलाइन भांडारात असू शकतो. पेपर थीसिसवर आधारित आहे हे कव्हर लेटरमध्ये आणि पेपरमध्ये लिहा.

थीसिस जमा झाला म्हणून सह्या केलेली संमतीपत्रं आणि मास्टर चार्ट रद्दीत देऊ नका. आयसीएमआरनुसार अभ्यास संपल्यावर किमान ३ वर्षं नोंदी जपायच्या असतात, औषध नियंत्रकांच्या अखत्यारीतल्या ट्रायलसाठी ५ वर्षं. पेपर छापून आल्यावरही संपादक मूळ कागद मागू शकतात. तोवर तुम्ही नाशिक सोडलेलं असेल, म्हणून स्कॅन करून एक प्रत गाईडकडे आणि एक स्वतःकडे ठेवा. त्यातली नावं झाकलेली तिसरी प्रत आताच करून ठेवा. जर्नलला पाठवायची ती हीच.