व्हॉयेजरची शिदोरी

नासाने १९७७ मध्ये सोडलेली व्हॉयेजर-१ आणि व्हॉयेजर-२ ही याने आता सर्व ग्रहांच्या पलीकडे गेली आहेत. व्हॉयेजर-१ आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर जात आहे, आणि या धावेसाठी त्याला कोणतेही इंधन जाळावे लागत नाही, कारण अवकाशात वेग कमी करणारी हवाच नाही. यानावर उरलेले हायड्रेझीन हे इंधन खर्च होते ते केवळ अँटेना पृथ्वीकडे रोखून धरण्यासाठी.

हा वेग रॉकेटने एकट्याने दिलेला नाही. रॉकेटने ही दोन्ही याने गुरूपर्यंत पोहोचवली. पुढची गती ग्रहांकडून मिळाली. गुरूच्या दृष्टीने पाहिले तर यान ज्या वेगाने जवळ येते त्याच वेगाने निघून जाते, फक्त त्याची दिशा बदलते. परंतु गुरू स्वतः सेकंदाला सुमारे १३ किलोमीटर वेगाने सूर्याभोवती फिरत असल्यामुळे, पुढे सरसावणाऱ्या बॅटवर आदळलेला चेंडू जसा अधिक वेगाने परततो, तसे यानही सूर्याच्या संदर्भात अधिक वेगवान होऊन बाहेर पडते. त्या बदल्यात गुरूचा वेग घटतो, पण इतका सूक्ष्म की तो मोजताही येणार नाही. गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून यांना एकामागून एक गाठता येईल अशी रचना सुमारे १७६ वर्षांतून एकदाच होते. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या गॅरी फ्लँड्रो यांनी १९६५ मध्ये ही संधी हेरली आणि व्हॉयेजर-२ने १९८९ पर्यंत या चारही ग्रहांना भेट दिली.

विजेचा प्रश्न याहून अवघड होता, आणि मला तोच अधिक विलक्षण वाटतो. नेपच्यून सूर्यापासून पृथ्वीच्या तीस पट दूर असल्याने तेथे सूर्यप्रकाश सुमारे ९००व्या हिश्श्याइतकाच पोहोचतो. म्हणून प्रत्येक व्हॉयेजरवर प्लुटोनियम-२३८ची तीन जनित्रे बसवली आहेत. त्यांत अणुभट्टीसारखी शृंखला अभिक्रिया होत नाही. प्लुटोनियमचे अणू आपोआप विघटित होतात आणि त्यातून उष्णता निघते. सिलिकॉन-जर्मेनियमच्या जोडांचे एक टोक या उष्णतेने तापते, दुसरे अवकाशाकडे उष्णता टाकून थंड राहते, आणि या फरकामुळे वीज वाहू लागते. एकही फिरता भाग नसल्यामुळे झिजून बंद पडण्यासारखे त्यात काही नाही. मात्र सुमारे ७,००० वॉट उष्णतेतून उड्डाणाच्या वेळी मिळत होती जेमतेम ४७० वॉट वीज, म्हणजे घरातल्या मिक्सरला लागते तेवढी.

प्लुटोनियम-२३८चे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा काळ, ८७.७ वर्षे आहे. त्या हिशेबाने ४८ वर्षांनंतर ६८ टक्के उष्णता शिल्लक राहते, परंतु विद्युतजोडही कालांतराने कमकुवत होत असल्यामुळे वीज निम्म्याहून खाली आली आहे आणि दरवर्षी सुमारे ४ वॉटने घटते. त्यामुळे अभियंते एकेक उपकरण बंद करत आले आहेत. व्हॉयेजर-१चे कॅमेरे १९९० मध्ये बंद झाले, तर २०२५ मध्ये त्याचे वैश्विक किरण मोजणारे उपकरण बंद करण्यात आले. व्हॉयेजर-२वर अशाच उपकरणाचा हीटर २०१९ मध्ये बंद केला, तेव्हा त्याचे तापमान उणे ५९ अंश सेल्सियसपर्यंत उतरले. उड्डाणापूर्वी त्याची चाचणी उणे ४५ अंशांपर्यंतच झाली होती. तरीही ते मोजमापे पाठवत राहिले.