प्लग वायरींची वेणी घालू नका

(पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, ओम्नी अशा डिस्ट्रीब्यूटरवाल्या, म्हणजे एका डबीतून प्रत्येक प्लगला वायरीने ठिणगी वाटणाऱ्या, गाड्यांच्या मालकांसाठी)

ट्यूनिंग करून गाडी दिली की दोन दिवसांत फोन येतो : "प्लगच्या वायरी तशाच मोकळ्या ठेवल्यात, बांधायला विसरलात का?" विसरत नाही हो, मुद्दाम ठेवतो. फोन करणारे तरी बरे. जे न विचारता घरीच काळी टेप गुंडाळतात, त्यांची गाडी मिसिंग मारत, म्हणजे झटके खात, परत येते. येताना मालक सांगतात "कार्ब्युरेटरचाच प्रॉब्लेम आहे", म्हणून आम्ही तो उघडतो, मग डिस्ट्रीब्यूटरमधले पॉइंट पाहतो, आणि निम्मा दिवस गेल्यावर नजर वायरींवर जाते.

गेल्या पावसाळ्यात एक पद्मिनी अशीच आली. चढाला लागली की ठोके. मालकांनी चारही वायरींची मोळी करून तीन ठिकाणी झिप टाय आवळले होते, दिसायला अगदी सुबक. टाय कापले, वायरी सुट्ट्या केल्या, ठोके थांबले. एकही पार्ट बदलला नाही.

या वायरींतून वीस हजार व्होल्ट आणि त्याच्याही वर दाब जातो. दोन वायरी लांबपर्यंत चिकटून गेल्या, तर रबर शाबूत असलं तरी एकीचा करंट दुसरीत उमटतो. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. तीन नंबरचा सिलिंडर पेटतो तेव्हा चारमध्ये ताजं मिश्रण भरलेलं असतं आणि पिस्टन नुकता वर निघालेला असतो. त्याच क्षणी चारच्या प्लगला चोरटी ठिणगी मिळाली, तर वर येणाऱ्या पिस्टनला उलटा दणका बसतो. म्हणून तीन-चार आणि दोन-एक या जोड्या शेजारून नेऊ नयेत. नाइलाज असेल तर मध्ये दोन बोटं अंतर ठेवा, किंवा एकमेकींवरून आडव्या जाऊ द्या. ८०० मध्ये तीनच वायरी, क्रम १-३-२. तिथे प्रत्येक वायर दुसऱ्या कुणाच्या तरी पाठोपाठ असतेच, तेव्हा तिन्ही वेगळ्या.

अंतर राखायला महागडे क्लिप लागत नाहीत. जुन्या पेट्रोल पाइपचे इंचभर तुकडे कापा, प्रत्येकाला उभी चीर द्या आणि वायरीवर चढवा. मग शेजारशेजारचे दोन तुकडे झिप टायने एकमेकांना अडकवा. टाय पाइपला आवळतो, वायरीला नाही. कंपनीचे मूळ क्लिप असतील तर मात्र तेच ठेवा. "कशाला हवेत" म्हणून ते फेकणारे मिस्त्री आम्ही पाहिलेत.

वायर सायलेन्सरच्या तापणाऱ्या मॅनिफोल्डजवळून जात असेल, तर मोटार वाइंडिंगच्या दुकानात मिळणारी फायबर ग्लासची स्लीव्ह घाला. मीटरवर मिळते, चहा-वड्याच्या पैशांत काम होतं. प्लॅस्टिकचा नागमोडी पाइप तिथे वितळतो. सायकलच्या ट्यूबचं तर नावच काढू नका. तेल लागून ती चिकट होते आणि पाणी धरून बसते.

प्लग काढताना वायर ओढू नका, रबरी टोपी धरून थोडी पिळा आणि मग खेचा. हल्लीच्या बऱ्याच वायरींत तांब्याची तार नसते, कार्बनचा दोरा असतो. तो आतल्या आत तुटतो, वरून काही कळत नाही. टोपीत साधं ग्रीस भरू नका, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे.

घरी तपासायचं असेल तर अंधारात इंजिन चालू करून लांबूनच बघा. निळ्या ठिणग्या दिसल्या की समजा वायर गळतेय. चालू इंजिनात हात घालू नका. ओम्नीत इंजिन सीटखाली असल्याने सीट उचलावी लागते, तेव्हा जरा जास्तच सांभाळून.

"एकच वायर द्या" असा आग्रह असतो, पण आम्ही पूर्ण सेटच बसवतो. सगळ्या एकाच वयाच्या असतात. एक गेली की बाकीच्या रांगेत उभ्याच असतात, आणि गाडी परत आमच्याच दारात येते. सेट आमच्याकडून घेतलात तर पाइपचे तुकडे आणि स्लीव्ह लावून देतो, त्याची वेगळी मजुरी नाही. टाय कापायचेही पैसे घेत नाही. आधी कार्ब्युरेटर उघडायला लावलात, तर त्याचे घेतो.