झाक्सनरिंगचा इतिहास आणि बुकीचा भाव

मोटोजीपीवर, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या सर्वात वरच्या जागतिक गटावर, पैजा घेणाऱ्या बुकींसाठी जर्मनीतलं झाक्सनरिंग हे बरीच वर्षं सोपं गणित होतं. स्पेनचा स्वार मार्क मार्केझ तिथे २०१० मध्ये १२५ सीसी या खालच्या गटात जिंकला, पुढची दोन वर्षं त्याच्या वरच्या मोटो२ मध्ये आणि २०१३ ते २०१९ सलग सात वर्षं मोटोजीपीत. त्या सातही शर्यती त्याने पोल पोझिशनवरून, म्हणजे सर्वात पुढच्या जागेवरून, सुरू केल्या होत्या. २०२० ला तिथे शर्यत झाली नाही. २०२१ ला हाताच्या दुखापतीतून पुरता सावरलेला नसताना पुन्हा तोच जिंकला. सलग अकरा विजय!

पण हा आकडा जसा आपल्याला दिसतो तसा बुकीलाही दिसतो, आणि तो भाव त्यानुसारच ठेवतो. समजा भाव १.५० आहे. शंभर लावले तर दीडशे हातात येणार, म्हणजे तो स्वार तीनपैकी किमान दोनदा जिंकला तरच पैसे वसूल. शिवाय सगळ्या स्वारांच्या भावांतून निघणाऱ्या शक्यतांची (१.५० म्हणजे सुमारे ६७ टक्के) बेरीज नेहमीच शंभर टक्क्यांच्या वर जाते. तो वरचा भाग बुकीचा. त्यामुळे ‘इथे हाच जिंकतो’ एवढं ठाऊक असणं काही कामाचं नाही. तो इथे का जिंकतो, आणि ते कारण यंदाही टिकून आहे का, एवढंच पाहण्यासारखं.

झाक्सनरिंगचं ‘का’ सर्किटच्या आकारात आहे. लांबी फक्त ३.६७१ किलोमीटर, शर्यत घड्याळाच्या उलट दिशेने, तेरा वळणं आणि त्यातली दहा डावी. चौथ्यापासून दहाव्यापर्यंत ओळीने सात डावी वळणं येतात. तेवढ्या वेळात टायरची उजवी बाजू रस्त्याला जवळपास टेकतच नाही आणि थंड पडते. मग उतारावर, भरधाव वेगात, अकरावं वळण एकदम उजवीकडे. तिथे कितीतरी जण आपटलेत. डाव्या वळणांवर मार्केझचा हात धरणारा कोणी नव्हता; मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर, जिथे सतत डावीकडेच वळायचं असतं, त्याचा सराव लहानपणापासूनचा. अमेरिकेतल्या ऑस्टिनचं सर्किटही उलट दिशेचं आहे आणि तिथेही तो २०१३ पासून सलग सहा वर्षं जिंकला. २०१९ ला मात्र तिथेच, आघाडीवर असताना पडला.

इतिहास म्हणून नेमकं काय मोजायचं, हाही प्रश्न आहेच. झाक्सनरिंगवर १९२७ पासून शर्यती होताहेत, पण ते सर्किट वेगळंच होतं: होहेनश्टाइन-अर्न्स्टथाल गावातून आणि आसपासच्या रानातून जाणारे साधे रस्ते, एक फेरी पावणेनऊ किलोमीटरच्या घरात. १९६१ ते १९७२ या काळात तिथे पूर्व जर्मनीची जागतिक अजिंक्यपदाची फेरी व्हायची. १९७१ ला पश्चिम जर्मनीचा डीटर ब्राउन २५० सीसीत जिंकला आणि प्रेक्षकांनी पश्चिमेचं राष्ट्रगीत गायलं. राज्यकर्त्यांना ते झोंबलं नसतं तरच नवल. वर्षभराने ती फेरीच बंद झाली. आजचा ट्रॅक नव्वदच्या दशकात वाहतूक सुरक्षा प्रशिक्षण केंद्र म्हणून उभा राहिला आणि १९९८ ला मोटरसायकलींची ग्रांप्री तिथे परतली. पुढे त्यातही फेरबदल झाले. सट्ट्यापुरतं बोलायचं तर जुन्या काळचा इटालियन दिग्गज जाकोमो आगोस्तिनी याचे तिथले विजय कितीही थोर असले तरी त्यांचा आजच्या झाक्सनरिंगशी नावापलीकडे संबंध नाही.

मार्केझचा सिलसिलाही तुटलाच. २०२२ ला शस्त्रक्रियेमुळे तो उतरलाच नाही. २०२३ ला उतरला, पण त्याची होंडा मोटरसायकल तेव्हा इतरांच्या पार मागे पडलेली होती. त्या वीकेंडला तो पाच वेळा पडला आणि रविवारच्या शर्यतीतून माघार घेतली. जिंकला डुकाटीवरचा होर्हे मार्टिन. सर्किट तेच, स्वार तोच, फक्त मोटरसायकल साथ देईना. ज्यांनी निव्वळ अकराचा आकडा पाहून पैसे लावले असतील ते बुडाले. २०२५ ला हाच मार्केझ डुकाटीच्या फॅक्टरी संघातून, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या संघातून, आला आणि स्प्रिंट (शनिवारची छोटी शर्यत) व मुख्य शर्यत दोन्ही घेऊन गेला.

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळं अभ्यासापुरतंच. महालक्ष्मीच्या घोड्यांवर परवान्याखाली पैसे लावता येतात, पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, मोटोजीपीवरचा ऑनलाइन सट्टाही त्यातच आला.

इतिहासच नसलेलं सर्किटही भारतानेच दाखवलं. सप्टेंबर २०२३ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी पहिल्यांदा आली, तेव्हा कोणाचाच तिथला जुना निकाल नव्हता. हाताशी होते ते फक्त त्या दोन दिवसांचे वेळ. शनिवारच्या स्प्रिंटमध्ये पहिल्याच वळणावर इटलीच्या मार्को बेझेक्कीला धक्का बसला, तो पार मागे फेकला गेला आणि तरी पाचवा आला. रविवारी उकाड्यामुळे शर्यत एकवीस फेऱ्यांवर आणली होती. ती बेझेक्कीने आठ सेकंदांहून जास्त फरकाने जिंकली.